सातवं माणूस

एकतीस वर्षं मी नॉर्थ कॉर्बिन गावची चिटणीस होते. एवढ्या वर्षांत लोकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: "ब्यूला, त्या दिवशी अल्व्हा स्टॉडर्डनं चिठ्ठीवर काय लिहिलं होतं गं?" नवऱ्यानं विचारलं, पाद्रीबाबांनी विचारलं, माझ्या सख्ख्या बहिणीनं तर मरायला टेकली असताना विचारलं. नाही सांगितलं. तुम्हालाही सांगणार नाही, त्या आशेनं बसला असाल तर आत्ताच उठा. बाकी सगळं सांगते, माझी स्वतःची फजिती धरून.

गोष्ट चोपन्न सालच्या मार्चमधली. मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमच्या व्हरमाँटात गावोगाव सभा भरते. रस्ता कुठला दुरुस्त करायचा, बर्फ काढायचं यंत्र घ्यायचं की जुनंच ठोकूनपिटून चालवायचं, सगळं त्या दिवशी गाव स्वतः ठरवतं. आमदार नाही, खासदार नाही. लोकरीचे कोट घातलेली दीडशे माणसं, मधे एक धगधगती शेगडी, आणि दुपारी चर्चच्या बायकांनी केलेलं जेवण. तेव्हा मेपलच्या झाडांचा गोड रस नुकता सुटायला लागलेला असतो, म्हणून बाप्यांचं निम्मं लक्ष सभेत आणि निम्मं झाडाला टांगलेल्या बादल्यांत.

त्या वर्षी मात्र बादल्यांची आठवण कुणालाच नव्हती. सगळ्यांचं लक्ष चौदाव्या विषयावर होतं. चौदावा विषय म्हणजे हॅरिएट पेक.

हॅरिएट आमच्या वाचनालयाची बाई. विधवा, काडीसारखी, आणि जीभ अशी की कात्री बरी. चर्चच्या शेजारच्या दोन खोल्यांत तिचं राज्य. पुस्तक न्यायचं तर त्याच्या मागच्या खिशातल्या कार्डावर आपलं नाव लिहायचं, कार्ड हॅरिएटच्या खणात राहायचं, अशी पद्धत. कोण पुस्तक नेतंय, कोण बुडवतंय हे कळावं म्हणून ती पद्धत. त्यातून आणखी काय काय कळू शकतं, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आलं ते रॉइस किंबलच्या.

रॉइस किंबलचा कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांचा कारखाना होता. हसू नका. त्या चिमट्यांवर अर्ध्या गावाची चूल पेटायची, आमचीसुद्धा. माझा नवरा लिरॉय तिथे करवतीवर होता. त्याच्या शेजारच्या माणसाची त्या हिवाळ्यात दोन बोटं गेली, आणि किंबलनं त्याला आठवड्याभरात घरी बसवलं. मग कारखान्यात कुजबुज सुरू झाली, संघटना करावी म्हणून. आणि किंबलला कुणीतरी सांगितलं की कामगारांनी संघटना कशी बांधायची, याचं एक पुस्तक वाचनालयात आहे आणि ते सध्या कपाटात दिसत नाही.

किंबल बूट झटकत वाचनालयात गेला. म्हणाला, "बाई, त्या पुस्तकाचं कार्ड जरा दाखवा."

"कशाला?"

"सहज."

"सहज बघायचं असेल तर खिडकीबाहेर बघा. बर्फ छान पडतोय."

"हे बघा, हे असलं लाल, कम्युनिस्टी पुस्तक गावात कोण वाचतं, हे कळायला नको? दिवस कसे आहेत!"

"मिस्टर किंबल, कोण काय वाचतं हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. आणि त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणजे तो कुणाला बोलला असता असंही नाही."

हा संवाद मला खुद्द हॅरिएटनं सांगितला, माझ्याच स्वयंपाकघरात बसून. मी हसले, पण हसता हसता निजायच्या खोलीचं दार लोटून घेतलं. कारण ते पुस्तक आमच्या गादीखाली होतं. कार्डावर नाव होतं लिरॉय हॅचचं, चांगलं मोठ्या अक्षरात, गाढवानं खाली रेघसुद्धा ओढलेली. हे हॅरिएटला माहीत होतं आणि मला माहीत होतं. ती ते बोलली नाही, मीही बोलले नाही. तिनं कॉफी संपवली, मफलर गुंडाळला आणि गेली.

आठ दिवसांत किंबलनं सह्या जमवून चौदावा विषय लावला. "ग्रंथपालाचं पद आणि पगार आजपासून बंद करावा." पद गेलं की खण उघडला, खण उघडला की कार्ड हातात. आणि हॅरिएटला त्या पगाराशिवाय दुसरा आधार नव्हता. ती राहायची तीसुद्धा वाचनालयाच्या माळ्यावर.

आता अल्व्हा स्टॉडर्डचं सांगते. मेंढरंवाला, सत्तरीचा, कंबरेतून वाकलेला, आणि स्वभाव म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. हॅरिएटशी त्याचा उभा दावा. दर वर्षी गावसभेत वाचनालयाचा विषय आला की हा उठायचा आणि तेच म्हणायचा, "पुस्तक वाचून गाय जास्त दूध देत नाही. बाईचा पगार बंद करा आणि माझ्या वाटेवर खडी टाका." लोक हसायचे, हॅरिएट विणत बसायची, आणि अल्व्हा हरून खाली बसायचा. अकरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. तेव्हा त्या वर्षी त्याचं मत कुठे पडणार, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

मत द्यायची आमची रीत तोंडी. सभापती विचारतो, हो म्हणणारे 'हो' म्हणतात, नाही म्हणणारे 'नाही'. पटलं नाही तर हात वर. पण एक जुना नियम आहे: सात मतदारांनी उभं राहून मागितलं, तर मत चिठ्ठीवर, गुपचूप. गंमत बघा. गुप्त मत हवं असेल तर आधी सात जणांनी चारचौघांत उघडं उभं राहायचं! कोणत्या शहाण्यानं हा नियम केला देव जाणे. तरुणपणी मला तो वेडेपणा वाटायचा.

सकाळचे विषय भराभर संपले. सभापती होते डॉक्टर वेल्स, गुरांचे डॉक्टर. गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायची सवय, त्यामुळे गावसभा म्हणजे त्यांना किरकोळ. मी त्यांच्या शेजारी टेबलाशी, इतिवृत्त लिहीत. आमच्या चिटणिसाच्या दौतीत जांभळी शाई असते, जुन्या काळापासून. ती माझ्या बोटांना कायम लागलेली.

चौदावा विषय वाचला आणि सभागृहात शेगडीचा आवाज ऐकू यायला लागला. किंबल तिसऱ्या रांगेत होता. तो उठला, आपली खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून बसला. आता त्याला मागची सगळी माणसं दिसत होती. पायावर पाय टाकून एकेक तोंड न्याहाळत राहिला. कारखान्यातली माणसं टोप्यांच्या कडा चाचपायला लागली.

पाद्रीबाबा उठले. "सभापतीसाहेब, मी चिठ्ठीची मागणी करतो."

"एक," डॉक्टर वेल्स म्हणाले.

प्रॅट भगिनी उठल्या, दोघी एकदम, विणकाम हातातच. त्यांची स्वतःची शेती, कुणाच्या बापाला भीत नव्हत्या. "दोन, तीन." घोड्यांना नाल मारणारा गॅन्यों उठला. "चार." टपाल कचेरीतली मिसेस लव्हल उठली. "पाच." मग हॅरिएट स्वतः उठली, लोकरीचा गुंडा खाली पडू न देता. "सहा."

सहा! आणि सहांवर गाडी अडली. उभे राहिलेले सगळे असे, की ज्यांच्या घरात किंबलचा पगार येत नव्हता. किंबलच्या बाजूचे सोडले, तर असे सहाच होते गावात. सातवा आणायचा कुठून?

"अजून कुणी?" डॉक्टर वेल्सनी विचारलं. "नियम सातांचा आहे. मला वाढवता येत नाही, कमी करता येत नाही."

मी मतदार होते. चिटणीस झाले म्हणून माझं मत कुणी काढून घेतलं नव्हतं. उठायचं म्हटलं तर खुर्ची मागे सारायची आणि उठायचं, एवढंच. माझ्यासाठी, माझ्या घरासाठी ती बाई सभागृहाच्या मधोमध एकटी काठीसारखी उभी होती, आणि मी हातात टाक धरून 'सहा' हा आकडा पुन्हा पुन्हा गिरवत होते. कागद फाटेपर्यंत गिरवला. ते पान अजून दप्तरात आहे, जाऊन बघा.

त्याहून वाईट पुढेच आहे. पाचव्या रांगेत लिरॉयनं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मला दिसलं, तो उठत होता. माझा भोळा, रेघ ओढणारा लिरॉय उठत होता. मी मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. बायको कशी बघते तशी. पोरांची तोंडं आठव, हिवाळा आठव, बस खाली. आणि तो बसला.

त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. स्वतः बसून राहणं एक वेळ ठीक, पण उठणाऱ्याला बसवणं! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणतात ती मीच.

"शेवटचं विचारतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हातोडी उचलली. पण आपटली नाही, हवेतच धरून ठेवली. भला माणूस. जेवढा वेळ देता येत होता तेवढा देत होता.

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. मग कुणीतरी "आई गं" म्हणालं. अल्व्हा स्टॉडर्ड कंबरेला हात लावून उठत होता. त्याला उठायला फार वेळ लागायचा. आधी काठी, मग एक गुडघा, मग दुसरा. सगळं सभागृह माना वळवून बघत होतं.

"अल्व्हा, तुला काही बोलायचंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. मी सातवा."

किंबल ताडकन उठला. "अरे म्हाताऱ्या, तू तर आमच्या बाजूचा! या बाईचा पगार बंद करा म्हणून गेली अकरा वर्षं तूच ओरडतोयस ना?"

"ओरडतोय. आजही तेच म्हणणं आहे. वाचनालय म्हणजे उधळपट्टी, आणि ही बाई म्हणजे गावाच्या डोक्याला ताप."

"आभारी आहे, अल्व्हा," हॅरिएट म्हणाली. थोडे लोक हसले.

"तू मधे बोलू नकोस. मी तुझ्यासाठी उठलेलो नाही." मग तो किंबलकडे वळला. "रॉइस, तुझी खुर्ची उलटी झालीय. सभापती इकडे आहेत, तू तिकडे काय बघतोस?"

"मी कुठेही बघेन!"

"बघ की. मला अकरा वेळा या लोकांनी हरवलं. तोंडावर हसून हरवलं. घरी गेलो, शिव्या दिल्या, झोपलो. कारण हरवणारी माणसं मोकळी होती. आज मी जिंकेन, ते तू यांच्याकडे डोळे वटारून बघतोयस म्हणून. असलं जिंकणं मला नको. घाबरवून एका दारातून हाकायला माझ्याकडे घरी चाळीस मेंढरं आहेत, त्यासाठी बूट घालून गावात कशाला येऊ?" त्यानं काठी आपटली. "सात झाले ना, डॉक्टर? मग घ्या चिठ्ठी. माझी कंबर मोडायला आलीय."

हातोडी पडली. "सात. मत चिठ्ठीवर."

काय सांगू तुम्हाला! टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. पण दीडशे माणसांनी एकदम श्वास सोडला, तो मला ऐकू आला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि इतिवृत्तावर जांभळा डाग पडला.

लोक रांगेनं आले. मी कोरे कागद दिले, ज्यानं त्यानं पाठ करून लिहिलं, घडी घातली, लाकडी पेटीत टाकली. किंबलनंही टाकली. त्यालाही एकच चिठ्ठी, हे बघून मला फार बरं वाटलं. लिरॉय आला तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. अल्व्हा सगळ्यांत शेवटी आला. त्यानं पेन्सिल घेतली नाही. खिशातून लाल मेणाची कांडी काढली, मेंढरांच्या पाठीवर खूण करतात ती, आणि भिंतीला कागद लावून लिहिलं.

मोजायला मी, मिसेस लव्हल आणि किंबलचा मुकादम, असे तिघे. चिठ्ठ्या उघडत होते मी. तिघांत लाल कांडीचं अक्षर कुणाचं, हे फक्त मी बघितलेलं होतं. ती चिठ्ठी आली, मी वाचली, योग्य त्या ढिगात ठेवली, पुढची घेतली.

पगार बंद करावा: अठ्ठावन्न. चालू ठेवावा: एक्क्याण्णव.

म्हणजे चिठ्ठी नसती तर जी माणसं तोंडानं 'हो' म्हणाली असती, त्यांच्या मनात हे होतं. गावाचं मत गावालाच त्या दिवशी कळलं. किंबल खुर्ची सरळ करून निघून गेला, आणि कार्ड खणातच राहिलं.

जेवणाच्या वेळी मी अल्व्हाच्या ताटात घेवड्याच्या दाण्यांची उसळ वाढत होते. तो हळूच म्हणाला, "ब्यूला, तुझा टाक फार जड होता का गं सकाळी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझी कंबर चांगली आहे," तो म्हणाला. "माझी नाही. पुढच्या वेळी मला उठवू नकोस. आणि ती सफरचंदाची गोड पाई दे, हॅरिएटनं केलेली नको. तिच्या हाताला चव नाही."

मी वाढप टाकून हॅरिएटला गाठलं. ती मागच्या दारात बूट चढवत होती. म्हटलं, "हॅरिएट, मी उठले नाही."

"मला दिसलं."

"लिरॉय उठत होता. मी त्याला..."

"तेही दिसलं." तिनं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "ब्यूला, गावात कोण काय वाचतं ते मी सांगत नाही. कोण कधी बसून राहिलं, तेही सांगत नाही." आणि खरंच तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आज मीच सांगतेय.

दुसऱ्या दिवशी लिरॉयनं ते पुस्तक कागदात न गुंडाळता काखेत मारलं आणि भर दुपारी, कारखान्यासमोरून, वाचनालयात नेऊन दिलं. मी त्याला अडवलं नाही. हॅरिएटनं शिक्का मारला आणि म्हणाली, "चार दिवस उशीर, लिरॉय. दुसरा भाग हवाय का?" संघटना व्हायला आणखी दोन वर्षं लागली, पण झाली.

अल्व्हा पुढच्या वर्षी परत उठला. "पुस्तक वाचून गाय जास्त दूध देत नाही!" बाराव्यांदा हरला. सत्याण्णव वर्षांचा होईपर्यंत हरत राहील असं आम्हाला वाटायचं, पण बिचारा बासष्ट साली गेला. त्याच्या दफनाला हॅरिएट पहिल्या रांगेत होती, विणकाम घरी ठेवून.

एवढ्यावर थांबले असते. पण एकाहत्तर सालचं सांगितल्याशिवाय माझं देणं फिटत नाही. तेव्हा आमच्या डोंगरात शहरातली पोरंपोरी येऊन राहिली होती, केस असे की कंगव्यानं जीव द्यावा. त्यांनी गावसभेत ठराव आणला: साता समुद्रापलीकडचं हे युद्ध थांबवावं, असं नॉर्थ कॉर्बिननं सरकारला कळवावं. त्या वेळी माझा धाकटा, वॉरन, तिथेच होता, त्या युद्धात. त्याचं पत्र येऊन पाच आठवडे झाले होते. ठराव वाचताना माझा आवाज कसा लागला ते मलाच माहीत. गाव भडकलं होतं. "तोंडी घ्या, तोंडी घ्या, बघू कोण 'हो' म्हणतं ते!" असा गलका.

त्या पोरांनी चिठ्ठी मागितली. उभे राहिले. मी मोजले. सहा.

सभागृह बघत होतं. गावात सगळ्यांना वॉरनचं माहीत होतं. मी टाक खाली ठेवला, खुर्ची मागे सारली. गुडघे तेव्हा गेलेलेच होते. आधी टेबलाला हात, मग एक गुडघा, मग दुसरा.

"सात," मी म्हटलं, आणि स्वतःच लिहून घेतलं.

त्यांची म्होरकी पोरगी रांगेत माझ्यापाशी आली, डोळे भरलेले. "आजी, तुम्ही आमच्या बाजूच्या आहात, हे आम्हाला..."

"मी कुणाच्या बाजूची नाही. तुझ्या केसांच्या तर मुळीच नाही. कागद घे आणि पुढे हो, खोळंबा करू नकोस."

मग मी माझी चिठ्ठी लिहिली. पेन्सिल हातात होती, पण सवयीनं टाकच उचलला. मोजणीला माझ्यासोबत गॅन्योंची मुलगी ओडिल होती, वॉरनच्याच वर्गातली. तिनं एक चिठ्ठी उघडली आणि थबकली. जांभळी शाई गावात एकाच दौतीत. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. मग तिनं ती चिठ्ठी योग्य त्या ढिगात ठेवली आणि पुढची उघडली.

आता ओडिल गावची चिटणीस आहे. बघा विचारून, सांगते का.